मामा बाकड्यावर बसले नाहीत

"मास्तर, चला लवकर. मामास्नी बाकड्यावर निजवलंय," बागेतला दुसरा माळी मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात येऊन म्हणाला. माझ्या तोंडून गेलं, "बाकड्यावर? निजवू दिलं त्यांनी?" मामा गेलेत हे मला त्याच्या चेहऱ्यावरून नंतर कळलं. दीड महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही... आणि मामांवरचा रागही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आईच्या माघारी त्यांनीच मला वाढवलं. टाऊन हॉलच्या बागेत ते संस्थानाच्या काळापासून माळी. तेव्हा काम आटोपलं की मोठ्या झाडाखालच्या बाकड्यावर मला शेजारी घेऊन ऐसपैस बसायचे, विडी ओढायचे. पुढं संस्थान विलीन झालं. कुणा साहेबानं माळ्यांना जमवून सांगितलं, बाग आता लोकांची, लोकच मालक. झालं. मामांनी ते असं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून बाकड्यावर बसणंच सोडलं. मालक केव्हाही येतील म्हणे.

रविवारी पेठ वडगाव, कबनूरकडची माणसं यायची, हिरवळीवर चिरमुरे खायची, सावलीला खुशाल घोरायची. मामा खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांच्यासाठी बाकडं पुसायचे. "बसा की, पावणं." स्वतः मात्र उभे. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, डॉक्टरांनी बजावलं, तरी उभेच. मी किती डोकं फोडायचं?

"मामा, तुम्ही लोकांत येत नाही का?"

"मी माळी हाय की."

"घटकाभर बसा. माझ्याशेजारी."

"तू बस. तू मास्तर झालास, तू लोकांतला हायस."

म्हणजे मला शिकवून लोकांत बसवलं ते यांनीच, आणि आपण बाहेर. अशा माणसाला काय म्हणावं? लहानपणासारखं एकदा त्यांच्या शेजारी बसायचं होतं, एवढंच मागत होतो मी. तेही दिलं नाही. हातात पाण्याची नळी धरून उभ्या उभ्याच कोसळले.

परवा बागेत गेलो. आज बसायचंच, असं हट्टानं ठरवून. बाकड्यावर पाला पडला होता, तो रुमालानं झाडला. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं पिशव्या घेऊन तिथं घुटमळलं.

"बसा की, पावणं," मी म्हणालो.

दोघं टेकली. म्हातारबुवांनी सरकून माझ्यापुरती जागा केली. "तुमी बी बसा की."

"राहू दे. मी उभाच बरा," मी म्हणालो, आणि मामांचा इतका राग आला, की डोळे भरून आले.