धुतलेलं इंजिन

आमच्या म्हैसुरात दसऱ्याला माणसांपेक्षा वाहनांची आंघोळ जास्त मनापासून होते. आयुधपूजेच्या दिवशी गल्लीतली प्रत्येक सायकल, प्रत्येक स्कूटर गळ्यात हार घालून उभी असते. वर्षभर जी आपलं ऐकत नाही तिच्यापुढे कोहळा फोडून, आता तरी ऐक, अशी आपण विनंती करतो. आमच्या घरी एक तलवारही होती. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणतात. ती कधी कुणावर उगारली गेली की नुसतीच पुजली गेली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तिच्या शेजारी अप्पांच्या गाडीची पूजा व्हायची. दोन्ही सारख्याच उपयोगाच्या आहेत, असं माझं मत होतं.

गाडी करड्या रंगाची, आमच्याआधी दोन मालक पाहून आलेली. थंडीत ती सुरू व्हायची नाही, पावसात व्हायची नाही, आणि उन्हाळ्यात झाली तर मध्येच बंद पडायची. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. मग अप्पा आत बसणार आणि मी मागून गल्लीच्या उतारापर्यंत ढकलणार. कॉलेजात मी इतिहास शिकवायचो. कित्येक साम्राज्यांचा उदय आणि अस्त मी काळ्या बोटांनी फळ्यावर लिहिला आहे.

त्या वर्षी अप्पांचे हात कापायला लागले होते, म्हणून आयुधपूजेला गाडी मी एकट्यानं धुतली. इंजिनवर पाइप सोडण्याआधी अप्पा दर वर्षी डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे. तिथून चारही प्लगांना ठिणगी जाते. आत पाणी शिरलं की कारभार बंद. पिशवी बांधायची मी विसरलो, असं म्हणता येईल. पण ती मला आठवली होती. वाकायचा कंटाळा आला, एवढंच. मागाहून आईनं बॉनेट, बॅटरी आणि ते झाकण, सगळ्यांना ओलं कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी आत्याला आणायला गाडी हुणसूरला न्यायची होती. तिच्या पायाला प्लास्टर होतं, घरी करणारं कुणी नव्हतं, आणि बसची पायरी तिला चढवत नव्हती. दुपारी मिरवणुकीसाठी रस्ते बंद होणार, म्हणून लवकर निघून लवकर परतायचं ठरलं होतं. थोरला भाऊ सकाळीच आला. तो घड्याळाचा माणूस.

"अप्पा, नऊपर्यंत बघतो. नाही सुरू झाली तर मी टॅक्सी सांगतो. आणि मग दसरा झाला की ही विकायची. गिऱ्हाईक आहे."

अप्पांनी गाडीकडे पाहिलं. "सरी," म्हणाले. कन्नडमधलं हे बरं आहे, त्यात कबुली आहे की नाराजी ते कळत नाही.

सेल्फ जोरात फिरत होता. इंजिन काही पकडेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी जरा हलकंच वाटलं. मला कारण माहीत होतं. मी गप्प बसलो तर नऊ वाजणार होते. गाडी जाणार होती, आणि रोजच्या सकाळी माझ्या मला परत मिळणार होत्या.

अप्पा खुर्ची ओढून बॉनेटपुढे बसले. "हॉर्न वाजव." मी वाजवला.

"बॅटरी धडधाकट आहे. पेट्रोल बघ."

कार्ब्युरेटरची नळी काढून मी पंपाचा दांडा हलवला. चिंधीवर पेट्रोल आलं.

"अय्यो, अजून किती?" भाऊ ओट्यावरून म्हणाला. "साडेआठ झाले. सुम्मने, उगाच कशाला झटताय? तिचं आयुष्य झालं."

"माझंही झालंय," अप्पा म्हणाले. "मला कुठे टॅक्सीत घालून पाठवतोस?"

आई आतून म्हणाली, "सणाच्या दिवशी तोंडात दुसरं काही नाही का तुमच्या?"

मग अप्पांनी प्लगची तार काढायला लावली. मी तिचं टोक लोखंडाजवळ धरलं, भावानं वैतागून सेल्फ मारला. ठिणगी नाही. अप्पांनी स्वतः झाकणाची क्लिप काढायला हात घातला. बोटं तिच्यावरून दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला. ते मला बघवेना. मी वाकलो आणि झाकण काढलं.

आत कुंकवाचं पाणी होतं. लालभडक, दोन चमचे तरी असेल.

अप्पांनी झाकण हातात घेऊन तिरपं केलं. पाणी जमिनीवर सांडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी चिंधी शोधू लागलो; ती माझ्या खांद्यावरच होती.

"आधी पूस," ते म्हणाले. "आतलं फिरणारं रोटरही. मग झाकण गरम तव्यावर धर. टेकवू नकोस, नुसती ऊब लागू दे."

आईनं दोशाचा तवा दिला, पण काय काय बोलून दिला ते इथे लिहीत नाही. तव्याच्या वर झाकण फिरवत मी उभा राहिलो. बाहेरून भाऊ मिनिटं मोजत होता. नऊला वीस कमी, पंधरा कमी. झाकण कोरडं झालं. मी बसवलं, तारा घट्ट केल्या. अप्पा आत जाऊन बसले आणि त्यांनी सेल्फ मारला.

पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्या वेळी पकडलं. सायलेन्सरनं काळा धूर भावाच्या नव्या पँटवर सोडला.

"काय झालं होतं शेवटी?" भाऊ धूर वारत विचारत होता.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण अप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली होती.

"काय व्हायचंय? जुनी गाडी आहे. सकाळी तिला जरा वेळ लागतो."

"हेच तर मी म्हणतोय इतकी वर्षं," भाऊ म्हणाला.

"हो, तुझं बरोबर आहे." अप्पा पलीकडच्या सीटवर सरकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल, तू चालव. आत्या वाट बघत असेल."

त्यानंतर ती गाडी मी आणखी सहा वर्षं ढकलली.