हळद लागलेली बंदूक

एप्रिलमध्ये कॅनडातल्या सस्काटूनचा बर्फ जात नाही. तो काळा पडतो, आक्रसतो आणि पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात बसून राहतो, कुणीतरी आपल्याला घरी न्यायला येईल अशा समजुतीत. याच दिवसांत जनार्दन वऱ्हाडपांडे बेसमेंटमध्ये उतरतात, टेबलावर जुनी चादर पसरतात आणि कुलूपबंद कपाटातून आपल्या दोन बंदुका काढतात. एक थोरली, एक धाकटी. दोन्ही गोफर मारण्यापुरत्या, बारीक नळीच्या.

गोफर म्हणजे खारीएवढा, शेपटीच्या बाबतीत कंजूष असा प्राणी. तो कुरणात बिळं खणतो. त्या बिळात गाईचा पाय गेला की गाय कायमची बसते. म्हणून इथले शेतकरी वसंत आला की ओळखीच्या बंदूकवाल्यांना बोलावतात.

वऱ्हाडपांडेकाका शहात्तर वर्षांचे आहेत. मूळचे नागपूरचे. पोटॅशच्या खाणीत इंजिनियर म्हणून उभी हयात नोकरी केली. अंडंसुद्धा खात नाहीत. वाढदिवसाच्या केकची आधी चौकशी करतात. हा माणूस शिकारीला जातो हे आमच्या मराठी मंडळात कुणाला नव्याने सांगितलं की तो हसतो, आणि मग बेसमेंट पाहून आल्यावर हसायचा थांबतो. मी एकदा विचारलं होतं की दर वसंतात किती मिळतात. ते म्हणाले, “अबे, मोजायला जातो काय मी? गोफरला कळलं पाहिजे की वर कोणीतरी बघून राहिलं आहे. तेवढं पुरे.”

त्यांना या नादाला लावलं ऑरेस्टने. ऑरेस्ट खाणीतला फोरमन, शहराच्या उत्तरेला त्याची शेती. काका नवे होते, पहिल्याच थंडीत त्यांची गाडी गोठली, ऑरेस्टने ती सुरू करून दिली आणि वर म्हणाला की तुला एकटं सोडलं तर तू मरशील. तेव्हापासून तो काकांना एकटं सोडत नाही. खाण सुटली, मंडळातले समवयस्क एकेक करून टोरांटोला मुलांकडे गेले किंवा आणखी लांब गेले. काकांना या देशात ‘जॅन’ म्हणणारा आणि ते म्हणायचा हक्क असलेला आता एवढाच एक माणूस उरला होता. दोघं ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसत, थर्मासमधला चहा पीत आणि अधूनमधून एखादी गोळी झाडत.

यंदा मात्र शेत ऑरेस्टच्या सुनेच्या हाती गेलं होतं. तिचं नाव लॅरिसा. मागच्या वसंतात कुणा पाहुण्याने गोफर समजून गुरांची पाण्याची टाकी फोडली होती. त्यामुळे तिने फोन करून सौजन्याने कळवलं की सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाने आधी कुंपणाजवळच्या गवताच्या गंजीवर लावलेल्या कागदी ताटलीवर पाच गोळ्या झाडायच्या. तीन ताटलीत लागल्या तर कुरण खुलं. नाही लागल्या तर तिच्या स्वयंपाकघरात कॉफी आहेच.

ही बातमी हॅमिल्टनला काकांच्या मुलीपर्यंत पोचली. गौरांगी तिथे डॉक्टर आहे. तिने व्हिडिओवर बापाशी इंग्रजीत करार केला: पास झालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही, नापास झालात तर दोन्ही बंदुका विकून टाकायच्या. मग तिने मला वेगळा फोन केला. मी त्याच गल्लीत राहतो, आणि मी खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे तिला ठाऊक आहे. मी सोबत जावं आणि निकाल सांगावा, असं ठरलं.

काका परीक्षेला बसले ते नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात बसले असतील तसे. सकाळी नाश्त्यानंतर बेसमेंट, जेवून पुन्हा बेसमेंट. नळी साफ करायच्या गजाला लावायच्या चिंध्या ते दुकानातून आणत नाहीत. त्यासाठी पद्मजाकाकूंची जुनी सुती लुगडी लागतात. सतत धुतलेल्या सुताइतकं मऊ कापड कॅनडात बनत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. काकू पुण्याच्या. त्या वरून विचारत, “अहो, यंदा कुठल्या साडीचा बळी?” काका खालून सांगत, “निळी.” निळी अजून नेसण्याजोगी होती.

यंदा साफसफाईला वेळ लागत होता त्याचं कारण गेला दसरा.

घरात शस्त्र ठेवायचं तर त्याची पूजा झाली पाहिजे, ही काकूंची पहिल्यापासूनची अट. त्यांना जीव मारणं पसंत नाही. पण नापसंत गोष्टसुद्धा रीतसर व्हावी असं त्यांचं मत आहे. म्हणून दर दसऱ्याला दोन्ही बंदुका पाटावर, खाली रांगोळी, वर झेंडूच्या ऐवजी ग्रोसरीतली शेवंती. काका आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवतात आणि दोन्ही बंदुकांचे बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारे सरकते दांडे, काढून बाजूला मांडतात, म्हणजे आरतीत कुणाला धोका नको. आरती झाली की पाहुणे बासुंदीकडे वळतात आणि काका बंदुका उलट्या करून झटकतात, पुसतात, तेल देतात, ठेवून देतात. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. नेमकं त्याच वर्षी मंडळात पुण्याहून आलेली सॉफ्टवेअरवाली नवी मंडळी भरपूर. त्यांनी बंदूक आयुष्यात प्रथमच इतक्या जवळून पाहिली होती, आणि पूजेच्या निमित्ताने हात लावायला मिळतोय म्हटल्यावर त्यांची श्रद्धा उफाळून आली. हळद, ओलं कुंकू, मूठमूठ अक्षता. शेवटी त्यांच्यातल्या सार्थकने काकांच्या देखरेखीखाली बंदुका पुसल्या. काका डोळ्यावर पट्टी लावून खुर्चीत ताठ बसले होते. म्हणजे देखरेख अशी एका डोळ्याची, आणि त्यातही तो डोळा बासुंदीकडे.

एप्रिलमध्ये कपाट उघडलं तर थोरलीच्या नळीवर जिथे जिथे ओल्या कुंकवाची बोटं लागली होती तिथे तिथे गंज. कुणीतरी तिला रंगेहाथ पकडून सोडून दिल्यासारखी ती दिसत होती. दस्ता पिवळा. नळीवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीच्या काचेवर हळदीचा ठसा. त्यातून पाहिलं की समोरची भिंत कावीळ झालेली. काकांनी दिवसामागून दिवस घासलं. फटीतून तीन-चार अक्षता निघाल्या, त्या त्यांनी तुळशीत टाकल्या. शेवटी दोन्ही बंदुका आरशासारख्या झाल्या.

एक गोष्ट त्यांनी केली नाही. चाप ओढून पाहिला नाही. या जातीची बंदूक रिकामी असताना चाप ओढला तर आतली पिन बोथट होते, असं त्यांनी कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं, आणि वाचलेली गोष्ट मोडणं त्यांच्या रक्तात नाही.

रविवारी निघालो. काकूही आल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही शेतावर आल्या नव्हत्या. निकाल प्रत्यक्ष ऐकायचाय म्हणाल्या. मांडीवर थालीपिठांचा डबा. काका मागच्या सीटवर, कुलूप घातलेल्या दोन लांब पेट्यांशेजारी, पाय जोडून. हायवेच्या दोन्ही बाजूंना जमीन पडली होती, रंग ठरवायचा राहून गेल्यासारखी. काकांनी अचानक विचारलं, “पद्मजा, नापास झालो तर मी एप्रिलमध्ये करायचं काय?”

“दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन,” काकू म्हणाल्या.

लॅरिसा रबरी बूट घालून फाटकाशी उभी होती. चाळिशीची, उंच, आणि इथल्या लोकांसारखी इतकी नम्र की आपल्याला आधीच माफ केलंय असं वाटावं. ऑरेस्ट ट्रकच्या फळीवर बसला होता. नेहमीसारखा ओरडला नाही, हात तेवढा वर केला. त्याच्या बाजूला बंदूक नव्हती, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गंजीवर पांढरी ताटली टाचलेली होती. काकांनी थोरली काढली, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, कानांवर आवाज रोखणारे मफ चढवले, काडतूस भरलं, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

काहीच झालं नाही. चाप मुळी हललाच नाही.

काकांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. खाणीत लिफ्ट मध्येच थांबल्यावर असा चेहरा करत असतील. त्यांनी नळी गंजीकडेच ठेवली, तशीच धरून उभे राहिले, बराच वेळ. मग काडतूस काढलं, बोल्ट उघडा ठेवला आणि बंदूक कुंपणाशी मांडलेल्या टेबलावर आडवी केली. मग धाकटी घेतली. तिचा बोल्ट निम्म्यात अडला, पुढे जाईना. काकूंनी पूजेत कधीच भेदभाव केलेला नव्हता.

ऑरेस्ट फळीवरून उतरला. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, थोरलीचा दस्ता सोडवला, चापाचा भाग तळहातावर उपडा करून ठोकला. पिवळाजर्द तांदळाचा दाणा बाहेर पडला. मग आणखी दोन. बोल्ट काढलेल्या मोकळ्या जागेतून ते आत गेले होते, ओल्या कुंकवात चिकटून तिथेच वाळले होते. त्या तीन दाण्यांकडे आम्ही सगळे खाली मान घालून पाहत राहिलो, जसं एखाद्याचे अवशेष पाहतात.

लॅरिसाने विचारलं, हे काय आहे?

काकांना सांगता आलं असतं की उंदराने नेऊन ठेवलं असेल. माझे कान आधीच तापायला लागले होते. पण त्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं: दसरा, पाट, अक्षता, मोतीबिंदू, सार्थक. शेवटी म्हणाले, “पण बंदूक माझी आहे. मी आतून उघडून न बघता आणली. तू मला नापास कर.”

मग काकू पुढे झाल्या. त्यांचं इंग्रजी बँकेत आणि डॉक्टरकडेच बाहेर पडतं, पण त्या दिवशी पडलं. त्या लॅरिसाला म्हणाल्या की तांदूळ माझे, अट माझी. नापास करायचं तर मला कर, मला तसंही कुरणात जायचं नाहीये.

लॅरिसाने शेडकडे बोट दाखवलं. तिथे तिचं पेरणीचं मोठं यंत्र उभं होतं. ती म्हणाली की दर वसंतात फादर येऊन त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. मागच्या वर्षी फादरना उत्साह आला, पाणी सेन्सरच्या डब्यात गेलं आणि ऐन पेरणीत यंत्र तीन दिवस बंद. सासूबाई अजून म्हणतात की पाणी कमी पडलं म्हणून. “आणि आणखी एक,” ती काकांना म्हणाली, “चाप अडल्यावर माझ्या टाकीवाल्या पाहुण्याने बंदूक वळवून नळीत डोकावून पाहिलं होतं. तुम्ही नाही पाहिलंत. ती निम्मी परीक्षा झाली. आता ताटली.”

ऑरेस्टने थोरली पुन्हा जोडली. काकांनी पहिली गोळी मारली ती गंजीत गेली. दुसरीने ताटलीची कड फाडली, ती धरली गेली. तिसरी आत. चौथी कुठे गेली ते फक्त गंजीला माहीत. काकूंनी डबा छातीशी धरला. काका पाचव्या गोळीला इतके थांबले की वाऱ्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं, तो पडला. मग आवाज झाला आणि ताटली जरा हलली.

लॅरिसा चालत जाऊन पाहून आली. आत होती. कडेपासून बोटभर आत, पण आत.

“पास,” ती म्हणाली, आणि काकांशी हस्तांदोलन केलं. काकांनी टोपी काढली, मग काय करायचं ते न सुचून पुन्हा घातली. वळून ऑरेस्टला म्हणाले, चल, तुझी बंदूक घे.

ऑरेस्ट बूट पाहत होता. लॅरिसाच हळू आवाजात बोलली. सासऱ्याची परीक्षा तिने शुक्रवारी घेतली होती. पाचही गोळ्या झाडल्या, ताटली कोरी. ती म्हणाली की नियम नियम आहे, आणि हे म्हणताना ती आमच्यापैकी कुणाकडेही पाहत नव्हती.

काकांनी हातातल्या थोरलीकडे पाहिलं. मला वाटलं आता ते बंदूक पेटीत घालतील. आयुष्यभर जिथे दोघं बसले त्या फळीवर एकट्याने बसायचा हक्क त्यांना मिळाला होता. मग त्यांनी लॅरिसाला विचारलं की नियम बंदूकवाल्यांना आहे की दुर्बीणवाल्यालाही.

दुर्बिणीला नियम नव्हता.

मग दोघं फळीवर बसले, मधे थर्मास आणि थालीपिठांचा डबा. काकांच्या हाती थोरली, ऑरेस्टच्या गळ्यात पक्षी पाहायची दुर्बीण. आम्ही मागे गाडीत. थोड्या वेळाने कुरणात एक गोफर बिळाबाहेर येऊन दोन पायांवर उभा राहिला, हात छातीशी घेऊन. ऑरेस्टने तो पाहिला आणि पूर्वीसारखाच गरजला, “डावीकडे, जॅन. डावीकडे. तुझ्या डावीकडे, माझ्या नाही.” गोफर गेला. त्याच्या मागचे चार गेले. कुरणाच्या टोकापर्यंत एकही डोकं उरलं नाही. दुपारभर हेच चाललं. एकही गोळी झाडावी लागली नाही.

लॅरिसाला मी म्हटलं की अशाने गोफर कमी होणार नाहीत. ती म्हणाली, हा आवाज असेपर्यंत ते निदान वासरांच्या बाजूला तरी येणार नाहीत, पुढच्या रविवारीही आणा.

परत येताना गौरांगीचा फोन आला. मी सांगितलं, पास. माझे कान थंड होते. तिने विचारलं, किती मारले. मी फोन मागे दिला. काकांनी तो कानाला लावला, बाहेरच्या जमिनीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बेटा, करारात ते नव्हतं.”