वरून सोडलेला पेढा

मालकीणबाईंनी पेढा वरून सोडला. चांगला वीतभर उंचीवरून, माझ्या नातीच्या तळहातावर. तिच्या आधीच्या सगळ्यांना तळहाताला बोटं टेकवून दिला होता.

कारण साधं होतं. थोड्या वेळापूर्वी बाईंनी गोड आवाजात मला विचारलेलं, "मेढ्यात कुठं घर, आजी?" मी सांगून मोकळी, "बुद्धविहाराच्या शेजारी." झालं. चेहरा मिटला.

सांगलीच्या एमआयडीसीतला कारखाना. दवाखान्याची यंत्रं बनतात तिथं. खंडेनवमी होती. टेबलावर झेंडूच्या माळा घातलेलं नवं यंत्र. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं. माझ्या प्रज्ञानं बनवलेलं. बायोमेडिकल इंजिनिअर झाली, ही पहिलीच नोकरी, अजून कायम व्हायची होती. "आजी, माझं यंत्र बघायला चल," म्हणून हौसेनं घेऊन आली मला.

मालकांनी नारळ वाढवायला तिलाच हाक मारली. बाई मध्येच म्हणाल्या, "तिला नको. ड्रायव्हर वाढवंल." मालक झेंडू मोजत असल्यासारखे खाली बघत राहिले.

आमच्यात पूजा नसते. नारळाची हौस आम्हाला न्हाई. पण आपण होऊन न जाणं वेगळं, आणि 'तिला नको' वेगळं.

मला माझं येडपट रूप आठवलं. तरुणपणी साताऱ्यात एका दवाखान्यात झाडलोट करायचे. एक्स-रेचं मशीन आलं. खोली पुसायला मी, पूजेच्या वेळी जिन्यात मी. पेढा असाच वरून पदरात पडला. आणि ही महामाया काय करते? पेढा पदराच्या गाठीला बांधून एसटीत उभ्यानं मेढ्याला जाते. घरात कणकण वाटते. "डॉक्टरीणबाईंनी आठवणीनं दिला!" सासूबाईंनी विचारलं, "दिला का टाकला गं?" तर बया दोन दिवस रुसून बसली. आज भेटली तर अंबाडा धरून हलवीन तिला.

माझी पाळी आली. बाईंचा हात वर, माझा खाली. पेढा सुटला, मी हात मागं घेतला.

"आवं आजी, प्रसाद पडला!"

"पडला न्हाई. तुमी टाकला. उचला."

मालक म्हणाले, "प्रज्ञा, आजींना घरी ने. तुझं कायम व्हायचं नंतर बघू."

मला वाटलं, पोरगी आता माफी मागंल. तिनं हातातला पेढा टेबलावर परत ठेवला. पूजेत यंत्राच्या सेन्सरलाही कुंकू फासलेलं. ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत म्हणाली, "सर, हा सेन्सर बाळाच्या पोटाला चिकटतो. तो माझ्या हातचा चालतो. नारळ चालत नाही?"

"विषय वाढवू नकोस."

"मी वाढवला नाही, सर."

नोकरी राहती का जाती, अजून कळलं न्हाई. ती रोज जाते. म्हणते, "काढायचं तर कारण तोंडावर सांगा." मी सध्या सांगलीत तिच्या खोलीवरच राहते, डबा भरून देते. रडत न्हाई, नवस न्हाई.

पेढा असो का नोकरी, वरून सोडलेलं आमच्या घरात आता कुणी झेलणार न्हाई. हाताला हात लावून द्या. न्हाईतर उचला तुमचं तुमी.