डोंगरावर न गेलेल्या बाई

फिलोमिना डिमेलो बाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. सोमवारी स्टाफरूमचा फ्रीज उघडला, तर आतून असा भपकारा आला की मी डबा हातात धरूनच मागे सरले. "हा कोणी बंद केला?" मी ओरडले.

"मी," भूगोलाच्या विभागप्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या. "शनिवारी बोंबील ठेवलेत आत. थांब, मुलांना बोलावते. त्यांना सायबेरिया दाखवायचाय."

मुलं नाकाला रुमाल लावून उभी राहिली. बाईंनी सांगितलं, तिकडे उत्तरेला हजारो वर्षं गोठलेली जमीन आहे. तिच्यात जुनी झाडं, पानं, जनावरं गाडली गेलीत. हवा तापली की ती जमीन वितळते, आतलं सगळं कुजायला लागतं, त्यातून मिथेन निघतो. तो हवा आणखी तापवतो, की आणखी जमीन वितळते. "फ्रीज बंद पडलाय रे पोरांनो, आणि प्लग आपल्याच पायात अडकून निघालाय," त्या म्हणाल्या. "देव करो नि मी चुकीची ठरो. चुकले ना, तर अख्ख्या कॉलेजला पेढे वाटीन!"

फ्रीज मलाच धुवावा लागला, हे इथे नमूद करते. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने गोड लिहायला सांगितलं आहे. मला ते जमणार नाही, आणि बाईंना आवडणारही नाही.

बाई कांजूरच्या जुन्या गावठाणात राहतात. त्यांच्या आजोबांची तिथे भातशेती होती. आता चहूबाजूंनी भराव घालून टॉवर उभे राहिलेत आणि मधलं गावठाण वाटीसारखं खोल राहिलंय. भरती आणि पाऊस एकत्र आले की खाडीचं पाणी बाईंच्या स्वयंपाकघरात येतं. वाऱ्याबरोबर शेजारच्या डम्पिंग ग्राउंडचा वास येतो तो वेगळाच. विद्यार्थ्यांना तिथे नेऊन त्या म्हणत, "सायबेरिया लांब वाटतो? हा इथला कचरासुद्धा तोच मिथेन सोडतो. नाकाला विचारा."

त्याच कचऱ्याला एकदा आग लागली आणि त्या धुराने माझ्या वडिलांचा दमा उसळला. बाईंना कळताच त्या स्वतःचं वाफेचं मशीन घेऊन आमच्याकडे आल्या. दमा त्यांनाही आहे. मी म्हटलं, "बाई, मग तुमचं काय?" तर म्हणाल्या, "माझं काय? मी महापालिकेला शिव्या घालते, त्यात आपोआप श्वास चालतो." वडील बरे होईपर्यंत त्यांनी ते मशीन परत मागितलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी मुलुंड, बोरिवली, अंधेरी, जिथे बोलावलं तिथे जाऊन व्याख्यानं दिली. लोक मन लावून ऐकत. शेवटी प्रश्न मात्र ठरलेला असे, "मॅडम, मग जागा कुठे घ्यावी? नाशिक सेफ आहे का?" पृथ्वी तापली तरी आमच्या लोकांना आधी टू बीएचके दिसतो! एका व्याख्यानात बाई अखेर भडकल्या. "जा, डोंगरावर जाऊन बसा!" असं बोलून माइक ठेवून निघून आल्या.

आणि लोक खरंच गेले हो! बाईंच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी कर्जतच्या पुढे एक डोंगर विकत घेतला. झाडं तोडली, जेसीबी लावून माथा सपाट केला, बंगले बांधले आणि कमानीवर बाईंचं नाव घातलं. उद्घाटनाला मी बाईंसोबत होते. त्यांनी तो बोडका उतार पाहिला आणि विचारलं, "इथली झाडं कुठे गेली?"

"बाई, व्ह्यू येत नव्हता ना," त्यांचा लाडका विद्यार्थी म्हणाला. "तुमचा बंगला तो कोपऱ्यातला. गुरुदक्षिणा! आता खाडी गेली उडत."

"आणि माझे शेजारी?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. बाई चहा न घेता गाडीत जाऊन बसल्या.

हा गौरवग्रंथ त्याच मंडळींनी काढला आहे. छापायचं तर हेही छापा.

तरी परवा मीसुद्धा बाईंना विनवलं. गेल्या पावसात पाणी त्यांच्या पलंगापर्यंत आलं होतं. त्या पंचाहत्तर वर्षांच्या, एकट्या. मला झोप लागत नाही. "बाई, भिकार तो बंगला, पण कोरडा आहे. जा ना," मी म्हटलं.

त्या कांदा चिरत होत्या. "अगं, नाला साफ करा म्हणून रोज कटकट करणारी मी एकटीच आहे इथे. मी गेले की महापालिकेच्या ऑफिसात म्हणतील, बाई सुटल्या, आता कोण विचारतंय? आणि जायचं तर सगळ्यांनी जायचं. सगळं गावठाण मावेल एवढा डोंगर आहे का कोणाकडे?" मला रडू आलं. "कांद्याने गं," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे पदर केला.

प्रथेप्रमाणे आता मी त्यांना दीर्घायुष्य चिंतायचं आहे. लिहिताना हात अडखळतो, कारण जितकी वर्षं मागावीत तितकं पाणी त्यांना बघावं लागणार. तरी मागते. बाई, तुम्ही शंभरी गाठा, दम न लागता, याच घरात, कोरड्या पायांनी. आणि शंभराव्या वर्षी साफ चुकीच्या ठरा. आम्हाला ते पेढे खायचे आहेत.