सिंगल कोरचे सोल्डरकाका

सोल्डरकाका काम करताना बोलत नसत. कथील वितळून चमकू लागले, राळेचा कडूगोड धूर उठला, की दुकानात आलेल्याने गप्प उभे राहायचे, हे सगळ्या मंडी मोहल्ल्याला ठाऊक होते.

रंगाऱ्यांच्या घराण्यातला हा माणूस. आजोबांनी कापडे रंगवली. काका संगणक दुरुस्त करत. माझ्या चार कोरच्या नव्या यंत्रावरही जुना प्रोग्रॅम तितकाच संथ चालतो, अशी तक्रार घेऊन मी गेले. हातातला कथिलाचा जोड निवू देऊन ते आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "नोड, बघ पोरी, सिंगल कोर म्हणजे एक हात. हे थोडं, ते थोडं, असा झरझर पळतो, म्हणून वाटतं सगळं एकदम करतोय. आता चार हात आले, सरि, ठीक आहे. पण आधीचं झाल्याशिवाय पुढचं होत नाही, असलं काम चौघांत कसं वाटणार?"

त्यांच्या घरी असलेच काम होते. विस्मरणाच्या आजारात काकूंची सगळी माणसे पुसली गेली होती. उरला होता फक्त काकांचा हात. जेवत त्या त्याच हाताने. काका शटर अर्धे ओढून घरी धावत, घास भरवून परत येत. बोटांना राळेचा वास तसाच असे आणि मनगटावर भाजल्याचे नवे डाग. मी मदतीचे विचारले की म्हणत, "मी सिंगल कोरच गं. चाललंय, अल्वा, हो ना?"

चालत नव्हते. एका सकाळी ते दुकानातच कोसळले आणि गेले. कथील वितळवायची सळई तापतच राहिली होती.

गल्लीतल्या आम्ही चौघींनी काकूंच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या. मऊ भात कालवला, नंजनगूडचे केळे कुस्करले. चार हात पुढे झाले. काकूंचे ओठ मिटलेलेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, संध्याकाळपर्यंत खाल्ले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

मी दुकान उघडले. सळई तापवली, राळेच्या धुरात बोटे धरली आणि तशीच धावत आले. काकूंनी वास घेतला, तोंड उघडले. एक घास आत गेला.

मग माझी बोटे एकेक करून त्यांनी चाचपली, हलकेच सोडून दिली आणि दाराकडे पाहत हाक मारली, "अहो, दुकान बंद केलं का?"

दुसरा घास माझ्या हातातच निवत राहिला.