काय काय मोडलं

पंचायत समितीचे एक कारकून दर मार्चला कर्जतहून आमच्या पळसदरीच्या शाळेत येतात. सरकारी निधीतून आलेलं विज्ञानाचं साहित्य तपासणं हे त्यांचं काम. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसतात आणि चहा विचारला की म्हणतात, "आधी काम, बाई."

पहिल्या वर्षी मी अभिमानाने कपाट उघडलं. भिंगं, मोटारी, बल्ब, सगळं पिशव्यांत जसंच्या तसं. काही फुटलं तर जाब विचारतील, म्हणून मी मुलांना हातच लावू दिला नव्हता.

"एकपण मोडलं नाय? मंग पोरांनी केलं काय?"

त्यांनी एक छोटा बल्ब काढला आणि मुलांदेखत मोठ्या बॅटरीला जोडला. तो क्षणभर लख्ख पेटला आणि गेला. "हा माज्या हातनं गेला," म्हणत त्यांनी यादीवर तसं लिहून सही केली. चहा न घेताच गेले.

यंदा मी त्यांच्यापुढे तडकलेलं भिंग, जळलेली मोटार आणि मुलांनी बनवलेल्या पंख्याचं तुटकं पातं ठेवलं. एकेक वस्तू उचलून ते बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले.

"चहा सांगा, बाई."