'पाणी' म्हणणारा हेर

किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटात जुन्या पावत्या साचतात तसे ते साचतात. आमच्या कॉलेजच्या नाटकमंडळाचे तर इतके साचले आहेत, की चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते हेराचं सांगा!" मी सांगतो. सगळे हसतात. एका ठिकाणी मात्र मी नेहमी थांबतो. आज थांबणार नाही म्हणतो. बघू, जमतं का.

* * *

एकाहत्तर साल, युद्धाची हवा तापली होती. नगरमध्ये खिडक्यांना काळे कागद लागले होते आणि ज्याला त्याला हेर दिसत होते!

एसटी स्टँडवरचा एक भिकारी लोकांनी धरला. का? तर त्याचे दात फार पांढरे होते. "भीक मागतोस आणि दात असे?" हवालदारानं दरडावलं.

"बाभळीच्या काडीनं घासतो, सायेब. खायला न्हाई, मग मळतील कशानं?"

* * *

अशा दिवसांत मी नाटक लिहिलं. मी भाषाशास्त्राचा डॉक्टर, त्यामुळे माझा हेर भाषेवरूनच पकडला जाणार होता. धोतर, पागोटं, चालणं, सगळं त्यानं शिकून घेतलेलं. पण मराठी शिकला पुस्तकातून! विहिरीवर येऊन तो म्हणतो, "बाई, जरा पाणी देता का?"

हिंदी शिकवणाऱ्या आमच्या नलूताई पाणी भरणाऱ्या बाईचं काम करायच्या. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "आमच्या गावात समदी पानी पेत्यात. पाणी पिनारा तू कोन?"

टाळ्या! दर प्रयोगाला. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

* * *

हेराचं काम भानुदासचं. ऑफिसातला टायपिस्ट, मूळचा पाथर्डीकडचा. आवाज खणखणीत. त्याला रेडिओवर बातम्या द्यायच्या होत्या. पुण्याला आवाजाच्या परीक्षेसाठी अर्जही केला होता. अडचण एकच, त्याला 'ण' येत नव्हता.

"सर, टाइपरायटरवर हाय," तो म्हणायचा, "जिभेवर न्हाई."

मी म्हटलं, "माझ्या नाटकात काम कर, तुला 'ण' देतो." बाण, वीणा, लोणी, पाणी. रोज तासभर. शिवाय अट घातली, की दिवसभर, कुणाशीही, शुद्धच बोलायचं.

महिन्याभरात 'ण' आला. सुट्टीत घरी जाऊन आल्यावर सांगू लागला, "आईने मला पाट दिला, सर. म्हणाली, पावन्यावानी बोलतोस, पावन्यावानी बस!"

* * *

एका गावात प्रयोग संपल्यावर घसा कोरडा पडला म्हणून तो तोंडावरचा रंग न पुसताच एका दारात गेला. आतल्या आजीबाईंनी तांब्या पाठीमागे लपवला. "आधी म्हनून दाखव!"

"पानी," भानुदास म्हणाला.

"हां! आता पे."

* * *

पुढचा प्रयोग आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, एका गावी होता. जागा बघायला मी भानुदासला एकट्यालाच पुढं पाठवलं. रंगमंचाचा नकाशा काढून दिला, माझ्या अक्षरात. त्यावर फुल्या मारून लिहिलं होतं, 'येथे हेर लपतो', 'येथे स्फोट'.

भर दुपारी तो एसटीतून उतरला. चहाच्या हॉटेलात जाऊन म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

आमचं नाटक त्या गावानं पाहिलं नव्हतं. पण त्याची गोष्ट आमच्या आधी पोचली होती! हॉटेलवाला ओरडला, "आरं, पाणी म्हनतोय! धरा!"

लोकांनी धरला. खिशात नकाशा सापडला.

मी सहसा इथंच थांबतो.

* * *

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत फोन आला. भानुदासनं माझं नाव सांगितलं होतं. तिकडून फौजदार बोलत होते.

"तुमच्याकडे टायपिस्ट आहे का हा?"

"आहे."

"मूळचा पाथर्डीचा?"

त्याचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "तसं तो सांगतो."

"सांगतो म्हणजे? तुम्ही खात्री देता का?"

"पूर्ण खात्री अशी... कुठल्याच गोष्टीची..."

"राहू द्या, प्रोफेसर." फोन बंद.

नलूताई शेजारीच उभ्या होत्या. "सर, हे काय बोललात?"

"खोटं काही बोललो नाही," मी म्हणालो. आणि खरंच, शब्दन् शब्द बरोबर होता. पुन्हा फोन लावता आला असता. लावला नाही. नकाशा माझ्या अक्षरात होता, एवढंच तेव्हा मनात होतं.

दुसऱ्या दिवशी चौकीत गरम चहा हातावर सांडला आणि भानुदास कळवळला, "आयव! पोळलं की वं!" दारातला हवालदार पाथर्डीचा निघाला. "सोडा त्याला," तो म्हणाला, "ह्यो आमच्याकडचा हाय."

त्याच दिवशी सकाळी पुण्याला भानुदासच्या आवाजाची परीक्षा होती. पुन्हा बोलावणं आलं नाही. कॉलेजात तो परत आला, टायपिंग करत राहिला. मला नमस्कार करायचा. पण त्याच्या तोंडून 'ण' मी पुन्हा ऐकला नाही.

* * *

मी रिटायर झाल्यावर पुष्कळ वर्षांनी पाथर्डीला गेलो. माफी मागायची म्हणून वाक्यं तयार केली होती, ती एसटीतच तीनदा बदलली. घर विचारत विचारत पोचलो. भानुदास ओट्यावर बसला होता, केस पांढरे. मला बघून उठला. मी तोंड उघडलं, पण तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. घसा कोरडा पडला होता. एवढंच म्हणालो,

"पाणी."

त्याची बायको दारात आली. मला खालपासून वरपर्यंत बघत तिनं त्याला विचारलं, "कोन हायत हे?"

"तांब्या आन," भानुदास म्हणाला. "आपलेच हायत. मी वळखतो."